फ्लोट कोण उचलत होतं?

हे लिहू की नको, यातच बरेच महिने गेले. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिकल शिकवतो. एखादी वस्तू आपोआप हलली तर आधी करंट बघायचा, मग स्प्रिंग, मग वारा... हीच सवय. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून निघून जाणारा माणूस. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं, तर मला राग येणार नाही.

मी सिंदी मेघेला राहतो, माझे मामा देवळीला. त्यांचं कापडाचं दुकान आता मुलगा बघतो आणि मामा बघतात त्यांची जुनी अँबेसेडर. लग्नाच्या वर्षी नवीकोरी घेतलेली. कधी अपघात नाही, कधी दुसऱ्याच्या हातात गेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

गाडीचा पेट्रोलचा काटा बंद होता. टाकी भरा, नाहीतर रिकामी ठेवा, काटा खालीच. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी तो दुरुस्त करायला गेलो. घरची मंडळी पवनारला लग्नाला गेलेली, घरात फक्त मामा. टाकी रिकामी करून तिच्यातलं पेट्रोल मोजणारं युनिट काढलं. त्याच्या दांडीच्या टोकाला पितळेची पोकळ डबी असते, तोच फ्लोट. पेट्रोलवर तरंगतो, दांडी वर-खाली होते आणि समोरचा काटा हलतो. आमच्या फ्लोटला बारीक भोक पडून आत पेट्रोल शिरलं होतं. ते काढलं, फ्लोट नीट सुकवला, गाडीपासून लांब ओट्यावर नेऊन डाग देऊन भोक बुजवलं.

आता तपासणी. गाडीच्या मागं स्टुलावर युनिट ठेवलं, वायरा जोडल्या. मी दांडी हातानं उचलायची आणि मामांनी स्टिअरिंगवर बसून काटा बघायचा. डिकी उघडी असल्यामुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो.

"कर वर," मामा म्हणायचे. "अजून... बस. आता खाली घे."

काटा छान चालत होता. पण युनिटखालचं गॅसकेट, म्हणजे गळती थांबवणारी रबरी चकती, फाटलेलं दिसलं. "मामा, चौकातून गॅसकेट घेऊन येतो," असं मी मागूनच म्हटलं आणि निघालो. मामांना एका कानानं कमी ऐकू येतं. फाटकाची कडी मी बाहेरून लावली, हे मला पक्कं आठवतं.

परत आलो तर कडी तशीच. उघडून आत पाय टाकला आणि मामांचा आवाज आला. "कर वर... अजून थोडा... बस."

मला वाटलं, माझी वाट बघत गंमत करताहेत. गाडी फाटकाला आडवी उभी होती, मागचं स्टूल मला स्वच्छ दिसत होतं. त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

आणि दांडी वर होती.

मामा म्हणाले, "खाली घे." ती हळूच खाली आली. झटक्यात पडली नाही... कुणी जपून सोडावी तशी आली. त्या दांडीला स्प्रिंग नसते. वारा तर पान हलण्याइतकाही नव्हता. मी फाटकातच थांबलो.

"झालं तुहं काम," मामा मोकळेपणानं म्हणाले. "ये आता समोर, बैस. लय वेळचा उन्हात उभा हायेस."

उकाड्यामुळे गाडीची डावी दारं उघडीच होती. पुढच्या सीटची स्प्रिंग करकरली आणि गाडी डाव्या बाजूला किंचित खाली बसली.

मामांनी हसत बाजूच्या सीटकडं मान वळवली. मग त्यांची नजर सीटच्या पलीकडं, फाटकातल्या माझ्यावर आली. मग पुन्हा सीटवर गेली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

"सुन्या," ते हळू म्हणाले, "तू बाहेर हायेस?"

"हो, मामा."

कसा धावलो माहीत नाही. पलीकडून त्यांचं दार उघडलं. त्यांना काखेत हात घालून ओढून काढलं आणि ओट्यावर आणलं. मागं वळून बघितलं तर गाडी अजून डावीकडं कललेलीच होती. मंडळी परत येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो. गाडी सरळ कधी झाली, ते मात्र आम्हाला कळलं नाही.

नंतर मी वायरिंग तपासलं, स्प्रिंगा तपासल्या. काटा लूज कनेक्शननं हलू शकतो, हे मीच मुलांना शिकवतो. पण दांडी? आणि सांगितल्यावर थांबणारी?

मामांनी पुष्कळ दिवस त्यावर बोलायचं टाळलं. दिवाळीत एकदा मी विचारलंच, "मामा, बाजूले काय दिसलं होतं?"

"दिसलं काईच नाई," ते म्हणाले. "पर मी बैस म्हटलं तवा तो हो म्हणे. तुह्याच आवाजात. मंग विचारे, निघायचं का मामा?"

मग त्यांनी माझा हात धरला.

"तू फाटकात दिसला म्हणून. नाईतर मी हो म्हणूनच राह्यलो होतो."

मामा आता त्या गाडीत बसत नाहीत, आणि मलाही कुणी बसायचा आग्रह केलेला नाही.