प्रमिलाकाकींची अंदमानची सहल

राधानगरच्या किनाऱ्यावर आमचा अख्खा ग्रुप पाण्यात उतरला होता आणि प्रमिलाकाकी तेवढ्या समुद्राकडे पाठ करून वाळूत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकी, एवढ्या लांब अंदमानात येऊन उलट्या काय बसलात?"

"समुद्र काय, आमच्या केलव्याला बी हाय. मी मानसं बघते."

समोर झाडाखाली एक कुटुंब शहाळी पीत होतं. नातीनं आजोबांच्या हातातलं शहाळं ओढून घेतलं, तशा काकी एकट्याच खुदकन हसल्या.

आमची गाठ टूर कंपनीनं घालून दिली होती. एकट्या आलेल्या बायकांना ते जोडीनं खोली देतात. मी सरावलीत राहते, बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी करते, लग्न केलेलं नाही. आठवडाभर कुणाशी बोलावं लागू नये, एवढ्यासाठीच मी लांबची सहल निवडली होती. आणि वाट्याला आल्या केळव्याजवळच्या माकुणसारच्या काकी! पहिल्या सकाळी डोळे उघडले, तर त्या दोन कप चहा करून माझ्याकडे बघत बसलेल्या.

"उटलीस का बाय? चा गार झाला, पन मी घेतला नाय. एकटीला चा जात नाय घशाखाली."

त्यांचं जेवणही असंच. सगळ्यांची ताटं रिकामी झाली तरी त्या भाताचे चार घास चिवडत राहायच्या. आमचा टूर लीडर बसपाशी उभा राहून हाका मारायचा. मी घाई केली, तर हळूच म्हणायच्या, "माजं झालं म्हंजे सगली उटतील ना." मग मीही पुन्हा थोडी कोशिंबीर वाढून घ्यायला लागले.

एकदा बोटीची वाट बघताना मी विचारलं, "तुम्हाला फिरायची फार हौस दिसते." कारण केरळ, सिक्कीम, राजस्थान असं बरंच त्यांचं बघून झालं होतं. काकींनी पदरानं चष्मा पुसला.

"हौस कसली? माजा मंगेश कॅनडाला हाय. दिवालीला येतो म्हनाला, सुट्टी नाय मिलाली. तवा त्यानं केरल दिलं. मे महिन्यात यायचा होता, तवा सिक्कीम. त्याचं येनं रद्द झालं का मला एक टूर येते."

त्या हे तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. पोरगा गुणी होता, रोज फोन करायचा. "आई, मजा येते ना?" असं त्यानं विचारलं की या "हां, लय मजा" म्हणायच्या आणि फोन उलटा धरून त्याला झाडं, बोटी, हॉटेलचा नाश्ता दाखवायच्या. स्वतःचा चेहरा फारसा दाखवायच्या नाहीत.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात व्हरांड्यात बसलो होतो. आत ग्रुपच्या अंताक्षरीला रंग चढला होता. मंगेशचा फोन आला. काकी नेहमीप्रमाणे स्पीकरवर बोलत होत्या.

"आई, मजा आली ना?"

काकींनी फोन मांडीवर उलटा ठेवला. मला वाटलं, फोन कट झाला.

"आई?"

"नाय रे," त्या म्हणाल्या. "मजा नाय येत. कदीच नाय आली. मला आता फिरवू नको बाबा. तू ये."

 मंगेश कसाबसा म्हणाला, "बघतो, आई." फोन ठेवल्यावर काकी पुन्हा पदरानं चष्मा पुसायला लागल्या. "जास्त बोलले का ग मी? त्याला तितं कामावर जायचं हाय, दिवसभर डोस्क्यात राहील त्याच्या." मी त्यांचे हात धरून बसले.

मंगेश गणपतीत आला. काकींनी मला मुद्दाम माकुणसारला बोलावलं. तो अंगणात लुंगी लावून बसला होता आणि काकी त्याच्या ताटात घावनावर घावन वाढत होत्या. मला निरोप द्यायला तो फाटकापर्यंत आला. म्हणाला, "मला खरंच वाटायचं, आईला टूर आवडतात." जाताना तो आईला घेऊनच गेला. त्या दिवशी मीही पोचवायला गेले होते. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना काकी रडल्या नाहीत. उलट मला म्हणाल्या, "तू जेवत जा बाय नीट. कोनी नाय म्हनून उबी राहून खाऊ नको."

थंडी सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. मंगेश सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. बाहेर बर्फ, शेजारी कुणाची भाषा कळत नाही. दिवसभर त्या खिडकीशी बसतात. मी म्हटलं, "काकी, मग इथं काय वाईट होतं? तिथंही एकट्याच की!"

"तसं नाय ग," त्या म्हणाल्या. "सांजच्याला दाराचा आवाज येतो. मी पडलेली असले तरी समजतं, आला. मग काय नाय वाटत."

फोन ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात पावलं वाजली, समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराची कडी निघाली, आत पोरांचा गलका झाला आणि दार पुन्हा लागलं. मी माझ्या बंद दाराशी बराच वेळ तशीच उभी होते.