कुंभारणीचं रेकॉर्डिंग

अण्णा वारले त्या दिवशी सुधीरनं मला एक प्रश्न विचारला. मी खोटं उत्तर दिलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

सुधीर माझा धाकटा भाऊ. पुण्यात लॅपटॉपवर संगीत बनवतो. त्यात वाद्यं जवळजवळ नसतातच. रातकिडे, भुंगे, मधमाश्या यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, ताणायचे, तुकडे करायचे आणि त्यांचाच ठेका धरायचा. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे पटत नसे. “गिरणीची घरघर आपल्या येडशीत फुकट ऐकाय मिळती. त्यापायी पुण्याला कशाला जायचं?” असं ते एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. सुधीर उठून गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं माझ्यामार्फतच चालायचं.

अण्णांनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांच्या खिडकीच्या चौकटीत एका माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं होतं. चिखलाची गोळी आणायची, दाबायची, दाबताना गुणगुणायचं. सुधीरला फोनवर सांगितलं, तर तो हरखला. “ताई, मोबाइल अगदी जवळ धर. आणि बांगड्या काढ, नाहीतर त्याच वाजतील.” मी काढल्या. रेकॉर्डिंग सुरू असताना मागून अण्णा बोलले — “त्याला म्हणावं, ही गांधीलमाशी न्हाय, कुंभारीण हाय. चिखल थापताना गाती. लई ग्वाड गाती. कर म्हणावं तुझं गाणं.”

मी ते तसंच पाठवलं. वेगळं काही कळवलं नाही. त्याचं त्यानं ऐकावं, असं वाटलं.

महिन्याभरानं गाणं आलं. अण्णांच्या उशाशी मोबाइल ठेवून मी ते लावलं. कुंभारीण होती — शंभर कुंभारणी होत्या. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “आन् माझं बोलणं?”

मी बाहेर येऊन सुधीरला फोन लावला. तो खुशीत होता. “मागं कुणीतरी बोलत होतं, ते कापलं. आवाज कसला साफ निघाला बघ!” कुणीतरी? पडद्यावर आवाजाच्या रेघा पाहून तो काम करतो. बोलण्याची रेघ दिसली की ऐकण्याआधीच कापून टाकतो. हे मला ठाऊक होतं. तरी ते अण्णा होते, हे मी त्याला सांगितलं नाही. कसं सांगावं? बापाचा आवाज मुलाला ओळखायला सांगायचा? मी आत जाऊन अण्णांना सांगितलं की बोलणं नीट आलं नव्हतं. ते “बरं” म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग अण्णा गेले. सगळं उरकून आल्यावर सुधीर ओसरीवर माझ्याजवळ बसला. “ताई, त्या रेकॉर्डिंगमधे मागं अण्णाच होते ना? मी माझ्याकडचं पुसलं गं. तुझ्याकडं आहे का?”

ते माझ्या हातातल्या मोबाइलमधेच होतं.

“नाही,” मी म्हणाले. “कधीच गेलं.”

“काय म्हणत होते, आठवतंय?”

“पाणी मागत होते.”

हे दुसरं वाक्य मी का बोलले? पहिलं रागात निघालं, असं म्हणता येईल — दुसरं विचार करून बोलले. त्याला लागावं, म्हणूनच बोलले. आणि लागलं. तो तोंडावर पंचा धरून बसून राहिला. मी त्याला चहा आणून दिला.

तेराव्यानंतर तो पुण्याला गेला. त्या दुपारी मी रेकॉर्डिंग एकदा पूर्ण ऐकलं आणि पुसून टाकलं — कधी त्याच्या हाती लागलं तर मी उघडी पडेन, या भीतीनं.

सुधीर अजून गाणी करतो. त्याला वाटतं, वडील त्याच्यावर रागावूनच गेले. अण्णांचं ते बोलणं आता फक्त मला पाठ आहे. मनात म्हणून पाहते, तेव्हा ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.