आक्काचं पोट आणि किल्लीसाहेब

नातवंडांपैकी कुणी पोट धरून बसलं की मी त्याला आधी आक्काची गोष्ट सांगतो, मग पपई कापून देतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. हात असा चालायचा की बघत राहावं! पण पोट? पोट म्हणजे नुसता दगड. आणि त्याला कारण एक किल्ली.

अहो, संडासाला कुलूप अन् किल्ली सुपरवायझरच्या खिशात! जेवणाच्या सुट्टीशिवाय ती बाहेर निघायची नाही. बायका त्याला किल्लीसाहेब म्हणायच्या. जायला मिळत नाही म्हणून त्या पाणी प्यायच्या नाहीत, पाणी नाही म्हणून पोट साफ नाही. आक्का चूर्ण फाकायची. पुढे पुढे चूर्णही जुमानेना.

एक दिवस ती भडकली. "पोट माझं आणि हुकूम त्याचा?"

चूर्णाची डबी गेली कचऱ्यात. पीठ चाळणं बंद, कोंड्यासकट खायचं. सकाळी भिजवलेले मनुके, डब्यात पालेभाजी आणि पपई, मशीनशेजारी पाण्याची ही मोठी बाटली. शेजारची हबकलीच.

"अगं, पाणी पितेस? जाशील कुठे?"

"जायचं तिथेच जाईन!"

काही दिवस पोट नुसतंच गुरगुरलं. मग एका सकाळी, ऐन कामात, त्यानं हाक मारली. आक्का उठली.

"साहेब, किल्ली."

"सुट्टीत."

"हे आत्ता आलंय, साहेब. सुट्टीपर्यंत थांब, असं त्याला तुम्हीच सांगा!"

हॉलभर खसखस पिकली. साहेब लालबुंद. "घरी बसवीन तुला!"

घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तिनं मशीन बंद केलं.

"बसवा. आधी किल्ली द्या."

शेजारणीचं मशीन थांबलं. मग मागचं. मग अख्खी रांग. हॉल चिडीचूप. आपल्या हॉलमधली अशी शांतता किल्लीसाहेबानं कधी ऐकलीच नव्हती. किल्ली मुकाट्यानं टेबलावर आली.

आक्का गेली, चांगली निवांत गेली, आणि परतली ती हातात कुलूप घेऊन.

"ते इकडे आण," साहेब ओरडला.

"नाही आणत."

कापलेल्या कॉलरी पंख्यानं उडू नयेत म्हणून तिनं ते गठ्ठ्यावर ठेवून दिलं. हळूहळू बाकीच्यांच्या मशीनशेजारीही बाटल्या आल्या. कुलूप मात्र आक्का निवृत्त होईपर्यंत तिच्या कॉलरींवरच बसून होतं.