वजनकाट्यावरचे आप्पा

“शून्यावर आलं का?” संगणकासमोरून उठताना आप्पा हे विचारायचेच. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेलेली. एक गाडी उतरली की काटा शून्यावर आल्याशिवाय दुसरी चढू द्यायची नाही, अशी शिस्त. अशी माणसं तुमच्याही बघण्यात असतील. वरवंडला हायवेलगत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकाशीही ते तसेच वागत; आपण शोधलेलं काही मागं उरायला नको.

मी “आलं, आलं” म्हणायचो. बघायचो मात्र नाही.

एकदा त्यांनी एका ब्राउझरचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं. “भाऊ, ह्यो टाका. बंद केला की कुणी काय बघितलं त्ये ठेवत न्हाई म्हंत्यात.”

“आप्पा, या वयात कसलं लफडं लपवताय?” मी चेष्टा केली. ते हसले. चिठ्ठी मी कीबोर्डखाली सारली. खरं कारण माझा आळस. जुन्या ब्राउझरला माझे सगळे पासवर्ड पाठ होते. नवा आणला तर रोज टाइप करत बसा.

मग एका सकाळी आप्पा बराच वेळ बसून गेले. दुपारी त्यांची मुलगी पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेचं हॉल तिकीट काढायला आली. मैदानी चाचणी तिनं पार केली होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. शोधायच्या चौकटीत तिनं क्लिक केलं आणि खाली सकाळची यादी उघडली: घशाचा कॅन्सर, शेवटची स्टेज, किती दिवस.

“दादा, सकाळी हितं कोण बसलं व्हतं?”

“तुझे आप्पाच की,” मी झेरॉक्स काढता काढता बोलून गेलो. ब्राउझरला तरी काय दोष द्यायचा? नाव तर माझ्याच तोंडून गेलं.

हॉल तिकीट न काढताच ती उठली. त्या संध्याकाळी मी आप्पांचा ब्राउझर टाकला.

आठ दिवसांवरची परीक्षा झाल्यावरच घरी सांगायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं. परीक्षेच्या दिवशी पोरगी पुण्याला गेली खरी, पण त्यांना घेऊन, दवाखान्यात.

पुढं एकदाच ते दुकानात आले, गळ्याला मफलर गुंडाळून. मी नवा ब्राउझर बंद करून, पुन्हा उघडून दाखवला. पाटी कोरी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बसक्या आवाजात एवढंच म्हणाले, “आठच दिस पायजे व्हते, भाऊ.”

आप्पांना जाऊन वर्ष होत आलं. मागच्या आठवड्यात पोरगी आईच्या पेन्शनचा फॉर्म भरायला आली होती. काम झालं, उठली, आणि दारातून मागं वळून म्हणाली, “दादा, शून्यावर आलं का?”

या वेळी मी वाकून नीट बघितलं. आलं होतं. तरी तिच्याकडं बघून मला “आलं” म्हणवेना.