बुबुळासमोर साचलेले रक्त

“रक्त डोळ्यावर नाही, डोळ्याच्या आत आहे,” पालघरच्या डॉक्टरांनी माझा उजवा डोळा तपासून सांगितले. “याला हायफीमा म्हणतात. बुबुळासमोर पाण्याची लहानशी पोकळी असते; मार लागल्याने तिच्यात रक्त साचले आहे. पुन्हा रक्तस्राव झाला, तर नजर जाऊ शकते.”

साठच्या दशकातील ही हकिकत दांडी गावात आजही चुकीची सांगितली जाते. माझी पत्नी म्हणते, नवसाने डोळा वाचला. चुलतभाऊ धर्मा म्हणतो, त्याने समुद्राच्या पाण्याने धुतला म्हणून वाचला. डोळा माझा होता. खरे काय ते मीच सांगणार.

मी आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख. मासेमारीच्या हंगामापूर्वी होडीच्या फटींत कापूस ठोकताना लाकडी पाचर उडून डोळ्यावर बसली. डोळा लाल होऊन ठणकू लागला, नजर धूसर झाली. धर्मा हसला.

“दादा, गेल्या साली खोकून खोकून असाच लाल झालेला ना? आपोआप गेला. एवढा मोठा तांडेल आनि पाचरीला भ्याला?”

ती लाली वेगळी होती. तिला सबकंजंक्टायव्हल हेमरेज म्हणतात: पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याखाली बारीक रक्तवाहिनी फुटते. तेव्हा डोळा दुखला नव्हता, नजरही स्वच्छ होती. असा डाग बहुधा स्वतःच विरतो.

दुसऱ्या दिवशी ध्यानात आले, की आडवा झालो की सारे धुके. उठून बसलो की थोड्या वेळाने नजर निवळे.

“बसल्यावर दिसतंय ना? मंग बरं होतंय,” धर्माने निकाल दिला.

“खाडीचं पानी थांबलं की गाळ खाली बसतो,” मी सुनावले. “गाळ गेला नाय, बसलाय. भरती आली की पुना गढूळ.”

त्याच दिवशी पत्नीला घेऊन पालघर गाठले.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली, पाठीशी उशा रचल्या आणि हालचालीस मनाई केली. त्या काळी उपचार तोच होता.

“साहेब, नारळी पुनवेला होडी मीच नेनार,” मी बजावले.

“स्थिर राहिलात तर बोलू,” ते म्हणाले.

धर्मा भेटीस आला. “यंदा सुकानू मी धरतो. तू बायकांसंगती बोंबील वाळव.”

एरवी मी उठलोच असतो. पण डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधल्यावर भरती-ओहोटीचे पाणी थांबेपर्यंत आम्ही त्याला हात लावत नाही. तसाच थांबलो. मी दवाखान्यातून पळून आलो असे गावात जे सांगतात, त्यांना असे पडून राहणे जमले नसते.

काही दिवसांनी पट्टी सुटली. “रक्त विरले, नजर शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे उपकार मी जन्मभर मानले. नवस फेडायलाही पत्नीबरोबर गेलो.

पुनवेनंतर होडी मीच नेली. आमची मासेमारीची जागा किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत आल्या की सापडते. मी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि वाचलेल्या डोळ्याने गडाची भिंत मागील डोंगराशी जुळवली. “हितंच!” धर्माने दोरीला बांधलेले वजन पाण्यात सोडून तळ पाहिला.

“बरोबर हाय, तांडेल,” तो पुटपुटला.

डोळ्याला मार लागला, डोळा दुखला, नजर मंदावली किंवा बुबुळासमोर रक्त दिसले, तर घरी थांबू नका. बसल्यावर निवळले म्हणजे बरे झाले, असे समजू नका.

धर्मा अजून समुद्राच्या पाण्याचे गुण गातो. मात्र त्याच्या जावयाच्या डोळ्यावर वल्हे आदळले, तेव्हा त्याने घागर उचलली नाही. जावयाचा हात धरून तो माझ्या दारी आला आणि म्हणाला, “दादा, पालघरला चल.”