मडमेच्या अंगणातली वाट

युद्धाच्या दिवसांत उत्तनला एका परदेशी बाईने कोळ्याचं जुनं घर विकत घेतलं आणि ते नव्याने बांधायला काढलं. तिचं नाव आम्हा गवंड्यांच्या तोंडात कधी बसलं नाही; आम्ही तिला मडम म्हणायचो. विटांवर ती स्वतः पाणी मारायची आणि कोळणींकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या बोलीत बोलायची.

तिच्या अंगणातून किनाऱ्यावर जायची जुनी वाट होती. कुंपणाची भिंत उठू लागली तशा कोळणी धास्तावल्या. मडमेने वाटेवर दरवाजा ठेवायला सांगितला. मी हौसेने त्यावर सुरेख कमान बांधली.

दुसऱ्या दिवशी मडम एका कोळणीची बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडून आली. टोपली कमानीला थडकली आणि बोंबील तिच्या अंगावर सांडले. केस पुसत ती म्हणाली, "कमान पाड."

"मडमसाहेब, घराची शोभा जाईल."

"घर मी घेतला हाय. वाट न्हाय घेतला."

मी पहार उचलली. आजही कोणाच्या अंगणाला दार बसवायचं असलं की मी आधी विचारतो, इथून डोक्यावर काय काय जातं?