अटॅक माइल्ड, मेहुणा कडक

मला हार्ट अटॅक आला तो माइल्ड होता, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"एकदम माइल्ड है, बाबूजी," डॉक्टर हसत म्हणाला. "बस, गुस्सा मत कीजिए." छातीवर हत्ती बसून गेला आणि हा गृहस्थ माइल्ड म्हणतो! मी तिथेच भडकलो. (भडकणं हा माझा जुना धंदा. बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि त्यापायी क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. बढती माझ्या टेबलापर्यंत यायची आणि माझा आवाज ऐकून परत फिरायची.)

घरी आलो तर सगळंच माइल्ड! सुनेनं साबण माइल्ड आणला, चहा माइल्ड केला, वरणाला मिरची नुसती दाखवली. कोपऱ्यावरचा पानवालाही म्हणाला, "अब आपको माइल्ड वाला देंगे." अरे, एका शब्दाला किती ठिकाणी राबवाल! साबण माइल्ड म्हणजे मऊ, चहा माइल्ड म्हणजे गरम पाणी, पान माइल्ड म्हणजे नुसता पाला. मग अटॅक माइल्ड म्हणजे काय?

"म्हणजे छोटा, बाबा," मुलगा म्हणाला. "टेन्शन घ्यायची जरूरत नाही."

मला टेन्शन एकच होतं. गणपती तोंडावर आले होते. बालाजी घाटाजवळ आम्हा मराठी मंडळींचा गणपती बसतो आणि आरती सांगायचा मान माझा! पिढ्यान् पिढ्या काशीत राहून आमच्या मराठीत हिंदी कालवली गेली, पण आरतीत मी एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तो मान गेला तर वाचून तरी काय करायचं? डॉक्टर गणपतीच्या दिवशी घरी येऊन तपासणार होता. त्यानं हो म्हटलं तरच आरती. म्हणून मी ठरवलं, तोवर अजिबात चिडायचं नाही.

आणि मुलानं नागपूरला फोन केला. लगोलग माझा मेहुणा दिगंबर बायकोसकट दारात हजर! गळ्यात पडून असा रडला की मीही विरघळलो. मग त्यानं बॅग उघडली. आत कोरं धोतर, काळे तीळ आणि दर्भाची जुडी!

"हे कशाला?"

"असू द्या, भाऊजी. ऐन वेळी धावाधाव नको."

"ऐन वेळी म्हणजे कोणत्या वेळी?"

"लोक मरायला कुठून कुठून काशीला येतात हो! तुम्ही तर आयतेच इथे राहता!"

मी राग गिळला. विषय बदलावा म्हणून परतीचं तिकीट कधीचं ते विचारलं. दिगंबरची बायको भाबडेपणानं म्हणाली, "तेरावं धरूनच काढलंय. मागेपुढे झालं तर पंचाईत नको ना!"

मी बायकोकडे पाहिलं.

"अहो, मनावर नका घेऊ," ती म्हणाली. "दिगू मनानं चांगला आहे."

मी तेही गिळलं. आरतीसाठी!

गणपतीच्या दिवशी सकाळपासून मी गोगलगाय होऊन बसलो होतो. डॉक्टरची पावलं जिन्यात वाजली. तेवढ्यात दिगंबरनं मायेनं माझा हात हातात घेतला.

"भाऊजी, आरतीची काळजी सोडा. मी म्हणतो. कालच सगळ्यांना विचारून ठेवलंय. तुम्ही आपल्या माइल्ड टाळ्या वाजवा!"

"ऊठ!" मी गरजलो. "धोतर उचल, तीळ उचल, दर्भ उचल आणि चालता हो! तेरावं जेवायचं तर आधी मी मरायला हवा, आणि तू आरती म्हणणार असशील तर मी मुळीच मरणार नाही!" (खाली घाटावर नाववाल्यांनी वल्ही थांबवली म्हणे.)

डॉक्टर दारातच उभा होता. त्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधला, मशीनकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"बाबूजी, अब मामला माइल्ड नहीं रहा. मॉडरेट हो गया. बिस्तर से हिलिएगा मत!"

संध्याकाळी मी पलंगावर पडून ऐकत होतो. दिगंबर बेसूर आरती सांगत होता आणि माझेच लोक त्याच्यामागे टाळ्या वाजवत होते. अंगाचा तिळपापड झाला, पण ओरडायचीही चोरी. सून तेच माइल्ड वरण घेऊन आली. बाहेर मुलगा कुणाला तरी फोनवर सांगत होता, "बाबा माइल्ड से मॉडरेट हो गए."

ज्या आवाजापायी जन्मभर बढती हुकली, त्याच आवाजानं ती अखेर मिळवून दिली!